साठवरून दहा

हैदराबादच्या शोरूमनं कागद पाठवला:
पुढच्या दोन डिस्क, पॅडचा सेट, सेन्सरची एक वायर,
दोन लाख शहाऐंशी हजार. मजुरी वेगळी.
मी तो घडी घालून आरशामागं खोचला,
बाप फेट्यात विडी खोचायचा, तसा.

धंदा आमचा जुना. वरातीचा.
बाप माळेगावच्या जत्रेतून घोडी आणायचा,
पांढरी, बँडला न बुजणारी.
मी आणली काळी गाडी, सेकंडहँड,
एका बियाणं कंपनीच्या मालकानं आठ वर्षं वापरलेली.
बॉनेटखाली पाचशे घोडे
आणि वरातीत वेग ताशी चार.

त्या चारलाच ती ओरडायची.
वजिराबादच्या वळणावर बँड दम घ्यायला थांबला
आणि ब्रेकची किंचाळी नवरदेवाच्या मामानं ऐकली.
"हिला तेलपाणी करीत न्हाईस का रे?"
पुढं लेकरं नाचत होती, पाठमोरी.
पायाखालचं पॅडल थरथरत होतं
हिवतापातल्या हनुवटीसारखं.

मुजीबनं चाक उतरवलं, व्हर्नियर लावला.
किती झिजायचं, ते डिस्कच्या काठावर
बनवणाऱ्यानंच कोरून ठेवलेलं असतं.
"हौ, ये तो कब की मर गई, भाई.
तुम मुर्दे पे बरात निकाल रे थे."

मग हिंडणं आलं.
जालन्याच्या भंगारात, भट्टीत जायच्या ढिगाशेजारी,
अस्सल जोडी मिळाली, सोळा हजाराला.
अपघातातली गाडी, तंतोतंत माझ्यासारखी.
एका डिस्कचा काठ निळा पडलेला.
कुणीतरी फार जोरात थांबायला बघितलं होतं.
मी ती जागेवर ठेवली. हात पँटला पुसले,
पुन्हा पुसले.

लातुरात एकानं खोकं काढलं, चार हजार, जर्मन म्हणे.
जर्मनीच्या नावात एक अक्षर जास्तीचं होतं.

शेवटी नांदेडातच, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर,
ट्रकच्या लायनरांच्या थप्पीमागं
जसपालसिंगांनी डिस्क बोटावर टांगली,
पान्यानं टिचकी मारली.
आवाज पंख्याखालून निघाला, रस्ता ओलांडून
समोरच्या टेलरपर्यंत गेला. त्यानं मान वर केली.
"भेग असती तर भद्द वाजली असती.
वाळूजचा माल आहे. नाव लहान, ओतकाम पक्कं."
पॅडच्या कडेला दोन एफ.
तापल्यावरही धरतं, म्हणाले, त्याची ही खूण.
"सगळे मिळून एक्केचाळीस."
मी अडतीस म्हणालो.
ते हसले नाहीत.
"तुझा बाप घोडीच्या भावावर दोन-दोन दिवस भांडायचा.
लगाम घेताना एकदाही नाही."
मी चाळीस मोजले. हजार पुढच्या लग्नावर ठेवले,
शेवटी मी मीच.

पहाटे लोह्याच्या रस्त्याला मुजीब शेजारी बसला,
मांडीवर चहाचा थर्मास.
"साठवरून दहा. दहा बार.
पूरा रुकना नक्को. रुके तो तवे पे छाप बैठता."
साठ. दहा.
साठ. दहा.
सहाव्या खेपेला जळका वास आला.
"आने दो. नया है, कच्चापना जल रा."
एक दूधवाला आम्हाला तिसऱ्यांदा ओलांडून गेला,
वळून बघत, वेडेच म्हणत असणार.

नवव्या खेपेला माळेगावचा माळ लागला.
जत्रेला चार महिने अवकाश, नुसतं गवत.
इथंच बाप नव्या घोडीला फेऱ्या मारायचा,
पळवायचा, आवरायचा, पुन्हा पळवायचा,
आणि मी कडेला रडायचो,
तिला एकदा नीट थांबू तरी दे म्हणून.

साठ.
पॅडल आता गप्प होतं. पायाखाली फक्त पाय.
दहा.
मुजीबनं बोटं मोजली.
"एक बाकी है."